सूर उरले, स्मृती गेली : ‘पॉली’ आणि पुनरुज्जीवनाची दोन ढोंगे

१

विस्मरणात गेलेले एखादे जुने संगीत नाटक आजच्या रंगभूमीवर आणावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, या प्रश्नाची आपल्या चर्चासत्रांतून दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर निष्ठेचे. संहिता शुद्ध करावी, त्या काळची वाद्ये, पोशाख आणि नेपथ्य शोधून काढावे आणि कृती ‘जशी होती तशी’ सादर करावी. दुसरे उत्तर प्रासंगिकतेचे. कथासूत्र तेवढे घ्यावे, बाकीचे निःसंकोच टाकून द्यावे आणि आजच्या राजकारणातली नावे त्यात बसवावीत. या दोन पक्षांत हाडवैर आहे असे समजले जाते आणि त्या वैरावर बरीच शाई खर्ची पडते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की हे वैर दिखाऊ आहे. दोन्ही पक्ष एकाच गैरसमजावर उभे आहेत. नाटक म्हणजे कागदावर जे छापले आहे ते, हा तो गैरसमज होय. एक पक्ष ते छापील सगळे जपू पाहतो, दुसरा त्यातले निवडून घेतो. नाटकाचा जो अर्धा भाग कागदावर कधी नव्हताच, जो प्रेक्षकाच्या कानात होता, त्याचे काय झाले हे दोघांपैकी कोणीच विचारीत नाही.

हा प्रश्न ज्या कृतीच्या निमित्ताने सर्वांत टोकदारपणे विचारता येतो, ती कृती म्हणजे जॉन गे याचे १७२९ साली प्रसिद्ध झालेले ‘पॉली’ हे विनोदी संगीत नाटक. मराठी वाचकाला गे अगदीच अपरिचित नाही. त्याचे ‘द बेगर्स ऑपेरा’ (१७२८) ब्रेख्तच्या हाती ‘थ्री पेनी ऑपेरा’ झाले आणि पु. ल. देशपांडे यांच्या लेखणीतून ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून आपल्याकडे आले. पण या वंशावळीत गे हा ब्रेख्तचा पणजोबा म्हणून येतो आणि तसबिरीत जातो. त्याच ‘बेगर्स ऑपेरा’चा उत्तरार्ध असलेले, सत्तेने दडपलेले, लेखकाच्या हयातीत एकदाही रंगभूमीवर न आलेले ‘पॉली’ आपल्या अभ्यासक्रमांत तळटीपेपुरतेही क्वचितच उरले आहे. ते पुन्हा उभे करावे असे आम्हांस वाटते. मात्र वर सांगितलेल्या दोन्ही पद्धतींनी नव्हे.

२

आधी थोडा इतिहास. २९ जानेवारी १७२८ रोजी लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स येथील रंगगृहात ‘बेगर्स ऑपेरा’चा पहिला प्रयोग झाला आणि त्या एका मोसमात त्याचे ६२ प्रयोग झाले. त्या काळच्या मानाने हे यश अभूतपूर्व होते. नाटकाचा नायक मॅकहीथ हा वाटमाऱ्या. त्याचा सासरा पीचम हा चोरीचा माल घेणारा आणि वेळ आली की त्याच चोरांना बक्षिसासाठी फासावर चढविणारा. १७२५ साली फाशी गेलेल्या जोनाथन वाइल्ड या अशाच दलालाची छाया त्याच्यावर होती आणि पीचमच्या हिशेबी वहीत प्रधानमंत्री रॉबर्ट वॉलपोलची छबी प्रेक्षकांनी ताबडतोब ओळखली. दरबारी गुंड आणि रस्त्यावरचा गुंड यांत फरक एवढाच की एकालाच फाशी होते, हे त्या नाटकाचे गृहीत.

या यशानंतर गे याने ‘पॉली’ लिहिले. मॅकहीथला शिक्षा म्हणून वेस्ट इंडीजला पाठविण्यात आले आहे. तो मळ्यावरून पळाला आहे, अंगाला काळा रंग फासून मोरानो या नावाने समुद्री चाच्यांचा म्होरक्या झाला आहे. त्याच्या शोधात निघालेली पॉली तेथे पोहोचताच एका कुंटिणीकडून ड्यूकॅट नावाच्या मळेवाल्याला विकली जाते, पुरुषवेषात पळते, चाच्यांच्या तावडीत सापडते, त्यांनी पकडलेल्या कॉवॉकी या तद्देशीय राजपुत्राला सोडविते आणि पुढे युद्धात मोरानोला स्वतःच्या हाताने पकडते. मोरानो म्हणजेच आपला नवरा, हे तिला कळते तेव्हा शिक्षेची अंमलबजावणी होऊन गेलेली असते. पहिल्या नाटकात ऑपेराच्या प्रेक्षकांना सुखान्त हवा म्हणून ऐनवेळी वाचविलेला मॅकहीथ दुसऱ्या नाटकात खरोखर मरतो. गे याने स्वतःचाच विनोद मागे घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

१२ डिसेंबर १७२८ रोजी लॉर्ड चेंबरलेनकडून उत्तर आले की या नाटकाला प्रयोगाची परवानगी नाही. १७३७ चा नाट्यपरवाना कायदा अजून यावयाचा होता. म्हणजे कायद्याने सेन्सॉरशिप येण्यापूर्वीच ती व्यवहारात आली होती. गे याने नाटक वर्गणीदार गोळा करून छापले. क्वीन्सबरीच्या डचेसने थेट दरबारात वर्गणी मागितली म्हणून तिला दरबार बंद झाला. चोरट्या आवृत्त्या निघाल्या, गे कोर्टात गेला आणि बंदीमुळेच त्याला हजार पौंडांहून अधिक प्राप्ती झाली. १७३२ साली तो वारला. नाटकाचा पहिला प्रयोग झाला १९ जून १७७७ रोजी, हेमार्केटच्या छोट्या रंगगृहात, थोरल्या जॉर्ज कोलमनने केलेल्या फेरफारांसह. लेखनानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने! ज्या डचेसने या नाटकापायी दरबार गमावला होता, तिचे निधन त्यानंतर महिन्याभरातच झाले.

अर्धे शतक ही मुदत आमच्या युक्तिवादात महत्त्वाची आहे. ‘पॉली’ पहिल्यांदा रंगभूमीवर आले तेच मुळी पुनरुज्जीवन म्हणून. ज्या वॉलपोलला ते बोचावयाचे होते तो मरून तीस वर्षे उलटली होती. ज्या कानांसाठी त्यातील चाली निवडल्या होत्या, ते कानही बव्हंशी नाहीसे झाले होते. या नाटकाला मूळ प्रयोग असा नाहीच. मग ‘जसे होते तसे’ म्हणजे कसे? निष्ठावंतांनी याचे उत्तर द्यावे.

३

आता त्या कानांविषयी. गे याने जो नाट्यप्रकार रूढ केला, त्यात संगीत नव्याने रचावयाचे नसे. रस्त्यावर, दारूच्या गुत्त्यात, दिवाणखान्यात जी गाणी सर्वांच्या ओठांवर होती, त्यांच्या चालींवर नवे शब्द बसवावयाचे आणि छापील पुस्तकात प्रत्येक गीताच्या डोक्यावर मूळ गाण्याचे नाव द्यावयाचे. ‘बेगर्स ऑपेरा’त अशी ६९ गीते आहेत, ‘पॉली’त सत्तरहून अधिक. मराठी वाचकाला ही पद्धत नवी वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’ची (१८८२) जुनी प्रत उघडली की पदाच्या वर ‘चाल’ असे लिहून कोठल्या तरी प्रसिद्ध पदाचा निर्देश केलेला आढळतो. साकी-दिंडीच्या परिचित वळणांबरोबर लावणीच्या आणि कानडी पदांच्या चाली त्या नाटकांनी सहज पचविल्या. फरक हेतूचा आहे. किर्लोस्करांनी ओळखीची चाल घेतली ती पद प्रेक्षकाच्या मनात चटकन रुजावे म्हणून. गे याने घेतली ती जुन्या शब्दांशी नव्या शब्दांचे भांडण लागावे म्हणून.

उदाहरणे ‘बेगर्स ऑपेरा’तील घेतो, कारण ती संहिता अभ्यासकांच्या हाताशी आहे. वाटमारे दरोड्याला निघतात तेव्हा जे समूहगीत गातात, त्याची चाल हॅन्डेलच्या ‘रिनाल्डो’ (१७११) या इटालियन ऑपेरातील संचलनाची आहे. धर्मयुद्धाला निघालेल्या शूरांचा सूर दरोडेखोरांच्या तोंडी येतो. फाशीच्या कोठडीत मॅकहीथ कायदा श्रीमंतांना कसा सोडतो हे गातो, ते ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ या जुन्या प्रेमगीताच्या सुरावर. आणि जुगाराच्या अड्ड्यात, आपल्या साथीदारांना पैसे देता देता, दरबारात खरी मैत्री कशी दुर्मीळ झाली आहे हे तो ज्या सुरावर सांगतो, तो सूर ‘लिलिबुलेरो’चा आहे. १६८८ च्या राज्यक्रांतीच्या सुमारास व्हिग पक्षाने हे गाणे जणू आपले ध्वजगीतच केले होते आणि त्याच्या शब्दांचे श्रेय व्हिग पुढारी टॉमस व्हॉर्टनकडे जाते. वॉलपोलही व्हिगच. व्हिग सत्तेच्या विजयगीताच्या सुरावर एक चोर व्हिग दरबाराची कृतघ्नता गातो आणि शब्दांत कोणाचेही नाव येत नाही. नाव सुरात आहे. सेन्सॉरला ते खोडता येत नाही, कारण ते लिहिलेलेच नाही.

येथे मर्ढेकरांच्या परिभाषेचा आधार घेण्याचा मोह होतो आणि तिची मर्यादाही दिसते. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मर्ढेकरांनी सांगितली. गे याच्या गीतांत विरोधलय तर निःसंशय आहे. पण तिच्या दोन घटकांपैकी एकच कृतीच्या आत आहे. दुसरा, म्हणजे जुने गाणे, कृतीच्या बाहेर, श्रोत्याच्या स्मरणात आहे. कलाकृती ही आपल्या घटकांच्या परस्परसंबंधांनी स्वयंपूर्ण असते, असे मानणाऱ्या समीक्षेला अशी कृती मोजताच येत नाही. तिला ती नेहमी अर्धीच दिसते आणि अर्धी दिसलेली कृती कमअस्सल ठरविणे सोपे असते. ‘पॉली’ हे ‘बेगर्स ऑपेरा’च्या तुलनेत फिके आहे, ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तक्रार तपासून घ्यावयास हवी. फिके कोणाला? ज्याने ते वाचले त्याला. ज्यांनी ते ऐकावयाचे होते त्यांना ऐकू दिले गेले नाही.

आणि आता या साऱ्यातला खरा पेच. ‘पॉली’च्या १७२९ च्या आवृत्तीत गीतांचे सूर आणि मंद्रस्वरांची साथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली आहेत. म्हणजे संगीत हरवलेले नाही. आजही ते वाजविता येते. हरवली आहे ती स्मृती. आजचा प्रेक्षक तो सूर ऐकेल आणि त्याला तो ‘जुना, गोड’ वाटेल. जे शस्त्र होते ते दागिना होईल. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’ची (१९२५) अवस्था आठवावी. ज्या कवितांची ती विडंबने, त्या कविता ज्यांच्या ओठांवर होत्या ती पिढी गेली आणि आता वर्गात विडंबनाआधी मूळ कविता शिकवावी लागते. तोवर हसण्याची वेळ टळून गेलेली असते.

४

निष्ठेचा मार्ग कोठे पोहोचतो हे पाहावयाचे असेल तर १९२० कडे वळावे. त्या वर्षीच्या ५ जूनला नायजेल प्लेफेअरने हॅमरस्मिथच्या लिरिक रंगगृहात ‘बेगर्स ऑपेरा’ पुन्हा उभे केले. फ्रेडरिक ऑस्टिनने संगीत सजविले, क्लॉड लोव्हट फ्रेझरने देखणे नेपथ्य दिले आणि सलग १,४६३ प्रयोग झाले. या यशाने हुरळून १९२२ च्या अखेरीस किंग्जवे रंगगृहात ‘पॉली’ही आले. क्लिफर्ड बॅक्सने संहिता नव्याने बेतली, संगीत पुन्हा ऑस्टिनचेच. महायुद्धाने पोळलेल्या लंडनकरांना अठरावे शतक हवे होते ते रेशमी, खट्याळ आणि निरुपद्रवी. ते त्यांना मिळाले. याच १९२० च्या जून महिन्यात जर्मनीतील ग्योटिंगेन येथे हॅन्डेलचे ‘रोडेलिंडा’ हे ऑपेरा दीर्घ विस्मरणातून बाहेर काढण्यात आले आणि हॅन्डेलच्या ऑपेरांचे आधुनिक पुनरुज्जीवन तेथून सुरू झाले. ज्याची टिंगल केली तो आणि ज्याने टिंगल केली तो, दोघे एकाच महिन्यात थडग्यातून उठले आणि दोघांचे स्वागत सारख्याच प्रेमाने झाले! दोघांत कधी भांडण होते हे कोणाच्या ध्यानीही आले नाही. पुनरुज्जीवन या शब्दात ‘जीव’ आहे, त्याचा अर्थ आम्ही तरी असा समजत नाही.

दुसऱ्या मार्गावर ब्रेख्त भेटतो आणि त्याच्याविषयी अधिक आदराने बोलावयास हवे. एलिझाबेथ हाउप्टमानने केलेल्या भाषांतरावरून ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमध्ये उभ्या राहिलेल्या त्या प्रयोगात कुर्ट वाइलने मूळच्या ६९ चालींपैकी एकच ठेवली, बाकी संगीत नवे रचले. ब्रेख्त-वाइल यांना कळले होते की बर्लिनच्या कानाला १७२८ च्या लंडनच्या चाली मुक्या आहेत. म्हणून त्यांनी जाझ, कॅबरे, चर्चमधील भजन असे तेथल्या श्रोत्याच्या परिचयाचे नाद वापरले. पण त्यांचे अनुकरण करणारे येथेच चुकतात. ब्रेख्तने ‘आजचे विषय’ घातले, एवढेच ते पाहतात. त्याने आजचे कान शोधले, हे त्यांना दिसत नाही. वाक्तलाव हावेलने १९७२ मध्ये लिहिलेल्या आपल्या ‘बेगर्स ऑपेरा’त गाणी सरळ काढून टाकली. वोले सोयिंका यांच्या ‘ऑपेरा वोन्योसी’पासून (१९७७) शिको बुआर्की यांच्या ‘ऑपेरा दो मलांद्रो’पर्यंत (१९७८) गे-ब्रेख्त परंपरा नायजेरिया आणि ब्राझीलच्या हुकूमशाह्यांना भिडली. प्रत्येक ठिकाणी कृती जगली ती तेथे गाणे कोणाच्या कानासाठी रचले गेले यावर, किंवा हावेलसारखे गाणे टाकण्याची किंमत जाणून टाकले यावर.

या संदर्भात आपला ‘तीन पैशाचा तमाशा’ पुन्हा वाचावयास, नव्हे ऐकावयास हवा. १९७८ साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने तो सादर केला. समीक्षेने त्याची चर्चा केली ती मुख्यतः ब्रेख्त आपल्याकडे ‘सौम्य’ झाला का, पुलंच्या विनोदाने त्याची धार बोथट केली का, या अंगाने. ती चर्चा निरर्थक नव्हती. पण तिने प्रयोगातील एक गोष्ट दुय्यम मानली. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक हे तीन नाद त्या प्रयोगात एकमेकांसमोर उभे होते आणि सभागृहातील प्रत्येक मराठी माणसाला यातील प्रत्येक नादाची जात, वर्ग, पत्ता ठाऊक होता. नाट्यपदाच्या भारदस्त वळणावर गुंडाची प्रतिष्ठा गायिली गेली की हशा पिकत असे तो शब्दांमुळे थोडा आणि सुराच्या खानदानामुळे अधिक. ब्रेख्तची संहिता कितपत उतरली हा वाद चालू राहो. गे याचे यंत्र मात्र, गे याचा विशेष विचार न करताही, पुण्यात पुन्हा चालू झाले होते. आमच्या समीक्षेने ते ऐकले नाही, कारण ती वाचीत होती.

त्याच प्रयोगाबद्दल दुसरा प्रश्न विचारणेही भाग आहे. लावणी आणि तमाशा ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढले, ते कलावंत त्या नव्या नागर रंगभूमीवर कितीसे होते? नाद आला, माणसे आली नाहीत. हा आरोप एका नाटकावर नाही, सत्तर-ऐंशीच्या दशकांतील आपल्या सगळ्या ‘लोककलाप्रेमी’ प्रायोगिकतेवर आहे. आणि तो प्रश्न आपल्याला थेट ‘पॉली’कडे परत आणतो.

५

‘पॉली’ अडचणीचे आहे ते केवळ चाली विसरल्यामुळे नव्हे. त्याच्या मांडणीतच एक पोकळी आहे आणि ती पोकळी वेस्ट इंडीजच्या मळ्याएवढी मोठी आहे. नाटक गुलामांच्या बेटावर घडते. मळेवाला आहे, खरेदी-विक्री आहे, चाच्यांच्या टोळीने अजून न जिंकलेल्या स्पॅनिश मुलखांची आपसांत केलेली वाटणी आहे. साम्राज्य म्हणजे दरोडा, हे समीकरण गे जितक्या उघडपणे मांडतो तितके त्याच्या समकालीनांपैकी फार थोड्यांनी मांडले. पण विकली जाताना आपण पाहतो ती गोरी पॉली. रंगमंचावर ठळकपणे वावरणारा ‘काळा’ माणूस म्हणजे रंग फासलेला गोरा मॅकहीथ. आणि सद्गुणाचे पुतळे म्हणून येतात ते राजा पोहेतोही आणि त्याचा पुत्र कॉवॉकी, म्हणजे त्या बेटांचे मूळ रहिवासी. इंग्रजांच्या साखर-बेटांवर १७२९ पर्यंत असे राज्य सोडाच, असे रहिवासीही जवळजवळ उरले नव्हते. जे होते, ज्यांच्या श्रमावर ती बेटे चालत होती, त्या आफ्रिकी गुलामांना या सत्तरहून अधिक गीतांत स्वतःचा म्हणावा असा सूर नाही. नाहीशा केलेल्यांना उदात्तता दिली, उपस्थितांना मौन दिले.

गे याला हे ठाऊक नव्हते काय? ज्या साउथ सी कंपनीच्या फुगवट्यात १७२० साली त्याचे पैसे बुडाले, त्या कंपनीचा सनदशीर व्यापारच मुळी स्पॅनिश अमेरिकेला आफ्रिकी गुलाम पुरविण्याचा होता. १७१३ च्या तहाने तो मक्ता इंग्लंडला मिळाला होता. म्हणजे ज्या दरोड्यावर गे हसतो, त्यात त्याचाही वाटा होता, आणि बुडाला नसता तर तो त्याने घेतलाही असता. ही बाब त्याला दोषी ठरविण्यासाठी आम्ही सांगत नाही. ‘पॉली’तील मौन हे अनवधान नसून त्या व्यवहाराचाच आकार आहे, हे दाखविण्यासाठी सांगतो. आपण ज्यात भागीदार असतो, त्याची थट्टा करता येते. त्याचा आवाज ऐकणे मात्र जड जाते.

आता दोन्ही पक्षांना ही पोकळी दाखवून पाहावी. निष्ठावंत म्हणेल, काळाची रूढी होती, मॅकहीथचे तोंड रंगवा आणि पुढे चला. प्रासंगिकतावादी म्हणेल, हे आक्षेपार्ह आहे, मोरानोचा वेषपालटच काढा, किंवा एखादे गुलामाचे पात्र नव्याने लिहा आणि त्याच्या तोंडी स्वातंत्र्याचे गाणे घाला. पहिला जखम म्हणजे अलंकार समजतो, दुसरा ती पुसून टाकतो. दोघांच्याही हातून नाटक निर्दोष होते. निर्दोष झालेल्या नाटकासमोर प्रेक्षक आरामात बसतो. गे याच्या प्रेक्षकाला ही चैन परवडत नव्हती, निदान वॉलपोलला तरी नाही.

६

मग करावे काय? आमच्या आग्रहाला तीन बाजू आहेत आणि तिन्ही व्यवहार्य आहेत.

एक, प्रत्येक गीताबाबत वेगळा निर्णय घ्यावा आणि निर्णयाची कसोटी एकच असावी : जुन्या गाण्याचा अर्थ नव्या गाण्याच्या अर्थात भाग घेतो की नाही? जेथे घेत नाही, तेथे १७२९ च्या पत्र्यांवरील सूर तसाच गावा. जेथे घेतो, तेथे दोनच वाटा आहेत. एक तर जुने गाणे आधी, प्रयोगातच, ऐकवावे. रस्त्यावरचा गायक ते गाऊन जावा आणि मग तोच सूर पात्राने उचलावा. अथवा आजच्या श्रोत्याच्या कानात त्याच जागी जे गाणे असेल, ते आणावे. पाठनिष्ठा आणि अनुवाद यांत कोणता धर्म श्रेष्ठ, असला वाद घालण्याचे येथे कारण नाही. प्रश्न गीतागणिक बदलतो, उत्तरही बदलावे.

यावर आक्षेप येईल की स्मृती अशी मागणीनुसार तयार करता येत नाही. अर्धा खरा. स्मृती मरते असेही नाही, ती घर बदलते. ‘लिलिबुलेरो’चेच पाहा. बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवर बातम्यांपूर्वी अनेक दशके हीच चाल वाजत असे. रात्री शॉर्टवेव्हवर कान लावून बसणाऱ्या आपल्याकडील एका पिढीला ती व्हिगांची म्हणून नव्हे, साम्राज्याच्या माघारी उरलेल्या अधिकृत आवाजाची खूण म्हणून ठाऊक आहे. मॅकहीथचे दरबाराविषयीचे गाणे त्या श्रोत्याला आज वेगळ्या जागी बोचेल. मूळ जागी नाही, पण बोचेल. पुनरुज्जीवनकाराचे काम हे अशा स्थलांतरित स्मृतींचा पत्ता काढण्याचे आहे.

दोन, मोरानोचा रंग झाकू नये आणि गृहीतही धरू नये. तो रंगमंचावर, सर्वांदेखत लावला जावा. वेषपालट हा वेषपालट म्हणून दिसला की ‘काळा’ हा येथे फक्त गोऱ्याचा मुखवटा आहे, खरा काळा माणूस या नाटकात कोठेच बोलत नाही, ही गोष्ट प्रेक्षकाला व्याख्यानावाचून कळेल. आणि त्या न बोलणाऱ्यांना नवे भाषण लिहून देऊ नये. ते उभे असावेत. सत्तरहून अधिक गाणी त्यांच्यासमोर व्हावीत आणि त्यांनी एकही गाऊ नये. ही शांतता गे याच्या संहितेत आहेच. तिला प्रथमच ऐकू येऊ द्यावयाचे आहे.

तीन, मॅकहीथचा मृत्यू उशिराच घडावा. कोणत्याही कारणाने, प्रेक्षकांच्या कोणत्याही आग्रहाने तो सुटू नये. १७२८ साली प्रेक्षकाच्या आवडीची थट्टा म्हणून जी माफी दिली होती, ती ‘पॉली’ने परत घेतली आहे. ती पुन्हा देण्याचा अधिकार पुनरुज्जीवनकाराला नाही.

एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. इतके सायास एका परदेशी, विसरलेल्या, दुय्यम मानल्या गेलेल्या नाटकासाठी मराठी अभ्यासकाने का करावेत? आमचे उत्तर असे की ‘पॉली’साठी शिकलेला हा कान आपल्याच घरी लगेच उपयोगी पडतो. आपली संगीत नाटके पुनरुज्जीवित होतात तेव्हा त्यांचे काय होते? पदे मैफलीसारखी गायिली जातात, ‘वन्स मोअर’ मिळतो, पदावरची ‘चाल’ ही ओळ कोणी वाचीत नाही. ती चाल कोणाच्या अंगणातून आली, कोणाच्या घुंगरांतून, कोणत्या कानडी पदातून, कोणत्या समाजाच्या उत्सवातून, हे कोणी विचारीत नाही. सूर जपल्याचा आनंद आपण घेतो आणि ज्यांच्याकडून तो घेतला त्यांची उठाठेव करीत नाही. लंडनने १९२० साली जे केले तेच आपण दर मोसमात करतो, फक्त प्रयोगसंख्या कमी असते.

म्हणून यापुढे कोणी कोठल्याही जुन्या संगीत नाटकाचे पुनरुज्जीवन जाहीर केले की अभ्यासकांनी संहितेच्या शुद्धतेविषयी आणि विषयाच्या समकालीनतेविषयी नंतर बोलावे. आधी दोन प्रश्न विचारावेत. हे गाणे पहिल्यांदा ऐकताना श्रोत्याच्या कानात दुसरे कोणते गाणे वाजत होते? आणि ते दुसरे गाणे ज्यांचे होते, ते आज रंगमंचावर आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे शोधल्यावाचून उभा राहिलेला प्रयोग कितीही देखणा असला, तरी त्याला पुनरुज्जीवन म्हणू नये.